पिट्युटरीच्या गाठीचं नाकातून ऑपरेशन: नजर परत येण्याचा काळ कसा काढायचा

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी घरचे पेशंटला पहिलं विचारतात ते हेच: "आता दिसतंय ना नीट?" काही जण लगेच हो म्हणतात. खोली उजळल्यासारखी वाटते, रंग गडद दिसतात. काहींना मात्र काहीच फरक जाणवत नाही आणि मग घरात न बोलता सगळे धास्तावतात. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या घरांसाठी आहे. मी डोळ्यांच्या विभागात फील्ड टेस्ट घेते, म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं (याला फील्ड म्हणतात) ते मोजते. ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहणं हे माझं रोजचं काम. पहिल्या आठवड्यातल्या नजरेवरून पुढच्या वर्षाचा निकाल लावू नये, हे मला प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगावंसं वाटतं.

आधी थोडं समजून घ्या

पिट्युटरी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पियूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खळग्यात असते. आकार वाटाण्याएवढा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागची हवेची पोकळी तिच्या खाली आणि पुढे येते, म्हणून नाकातून तिथे पोचता येतं. ग्रंथीच्या वर साधारण 1 सेंटीमीटरवर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि त्यांतले निम्मे तंतू बाजू बदलतात. या जागेला ऑप्टिक कायाझम म्हणतात. गाठ वरच्या दिशेने वाढली की तिचा दाब खालून कायाझमवर येतो.

बाजू बदलणारे तंतू असतात ते प्रत्येक डोळ्याच्या पडद्याच्या नाकाकडच्या भागातून आलेले, आणि तो भाग कानाकडचं दृश्य टिपतो. म्हणून दोन्ही डोळ्यांचं बाहेरच्या बाजूचं दिसणं कमी होतं, बहुधा वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात होऊन. घाण्याच्या बैलाला झापडं लावावीत तसं समोरचं दिसतं, कडेचं नाही. पेशंट "नजर गेली" असं म्हणतच नाही. तो म्हणतो, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, गर्दीत लोकांना धक्के बसतात, स्कूटर एकदम कुठून येते कळत नाही.

इथेच निदानाला उशीर होतो. मधली नजर शाबूत असेल तर भिंतीवरचा तक्ता 6/6 वाचून होतो. चष्म्याचा नंबर दोनदा-तीनदा बदलतो. वयस्कर माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही होऊन जातं आणि तरी "धूसरच आहे" ही तक्रार राहते. उजव्या डोळ्याने वाचताना कुणी ओळीतली उजवीकडची अक्षरं गाळत असेल आणि डाव्या डोळ्याने डावीकडची, तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून फील्ड टेस्ट आणि एमआरआयकडे वळायला हवं.

पायरी 1: ऑपरेशनच्या आधीची कागदपत्रं

घाई असली तरी ही पायरी सोडू नका. नंतर नजर किती सुधारली हे ठरवायला ऑपरेशनआधीचं मोजमाप लागतं आणि ते मागाहून मिळवता येत नाही.

पहिली तपासणी रक्तातल्या प्रोलॅक्टिनची, म्हणजे पिट्युटरीतून येणाऱ्या एका हॉर्मोनची. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते आणि नजरही सुधारू लागते, कित्येकदा थोड्या आठवड्यांतच. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल आणि प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट फाइलमध्ये नसेल तर डॉक्टरांना तसं विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. सोबत कॉर्टिसॉल आणि थायरॉइड ही हॉर्मोनंही तपासतात. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी त्याचं औषध सुरू करून मगच थायरॉइडची गोळी देतात. हा क्रम उलटा झाला तर प्रकृती धोक्यात येऊ शकते.

डोळ्यांच्या तपासण्या चार: चष्म्यासह नजर, रंगांची ओळख, फील्ड टेस्ट आणि ओसीटी.

फील्ड टेस्टमध्ये तुम्ही एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे पाहता आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबता. बरेच ठिपके इतके अंधूक असतात की निरोगी माणसालाही दिसत नाहीत, तेव्हा "मला काहीच दिसत नाही" म्हणून घाबरू नका. अंदाजाने बटण दाबू नका. पापण्या मिटायला हरकत नाही, नजर हलवायला आहे. उपाशीपोटी किंवा रात्रभर जागून आलात तर रिपोर्ट बिघडतो. पहिल्यांदा टेस्ट देणाऱ्याचा रिपोर्ट बऱ्याचदा खऱ्यापेक्षा वाईट येतो, म्हणून वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट करून घ्यावी.

रिपोर्टवर राखाडी-काळा नकाशा असतो आणि बाजूला एमडी नावाचा आकडा. शून्याच्या आसपास म्हणजे वयाच्या मानाने ठीक. उणे 30 च्या जवळ म्हणजे त्या डोळ्याचं फील्ड जवळजवळ संपलेलं. समजा, उणे 14 वरून उणे 6 वर आलात तर ती खरी सुधारणा. उणे 7 वरून उणे 6 झालं तर पेढे वाटू नका आणि उणे 8 झालं तर रडू नका. एवढा फरक त्याच माणसात दोन दिवसांतही पडतो.

ओसीटीत पडद्यावरच्या नसेच्या तंतूंची जाडी मोजतात. ती बऱ्यापैकी टिकून असेल तर दाब निघाल्यावर नजर परतण्याची आशा जास्त. खूप पातळ झाली असेल, लोक ज्याला नस सुकली म्हणतात, तर आशा कमी. पण शून्य नव्हे. आणखी एक गोष्ट: ही जाडी ऑपरेशननंतर वाढत नाही. फील्ड सुधारतं आणि ओसीटी तसाच राहतो, त्याने गोंधळू नका.

खर्चाचंही इथेच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तुमच्या ऑपरेशनचं नाव दाखवून ते यादीत बसतं का, हे भरती होण्याआधी विचारा. रुग्णालय निवडताना न्यूरोसर्जन, कान-नाक-घशाचे सर्जन, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर) आणि डोळ्यांचा विभाग एकाच छपराखाली आहेत का ते बघा. मुंबईच्या केईएममध्ये हे विभाग एकत्र आहेत. मला विचाराल तर इमारत किती चकचकीत आहे यापेक्षा हे महत्त्वाचं.

"नाकातून म्हणजे पुरेसं साफ होतं का?"

हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ पहिल्यांदा काढली ती हर्मन श्लोफर यांनी, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला, 1907 साली. 1960 च्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी त्यात सूक्ष्मदर्शक आणला आणि 1990 च्या दशकात दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, रुळला. कवटी न उघडता आणि मेंदू बाजूला न सारता खालून गाठीपर्यंत जाता येतं, त्यामुळे कायाझमला हात न लावता दाब कमी करता येतो. गाठ बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली असेल तर तिथला अंश मुद्दाम ठेवतात. नजरेच्या दृष्टीने मुख्य काम असतं वरचा दाब काढण्याचं.

पायरी 2: पहिले दोन दिवस

नर्स दर थोड्या वेळाने येऊन एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावते. पेशंट कंटाळतो, झोपू द्या म्हणतो. पण ही तपासणी टाळू नका. ऑपरेशनच्या जागी रक्त साचलं तर नजर काही तासांत झपाट्याने उतरते, आणि ते वेळेत कळलं तर पुन्हा ऑपरेशन करून रक्त काढतात व नजर वाचू शकते. शुद्धीवर आल्यावर जेवढं दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसू लागलं, तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी सांगायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

याच काळात लघवी अचानक खूप होऊ शकते, तहान भागत नाही. ग्रंथीच्या मागच्या भागाला धक्का बसल्याने असं होतं आणि बहुतेकांत ते तात्पुरतं असतं. किती प्यायलं आणि किती लघवी झाली याची नोंद ठेवण्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर सोपवा.

पायरी 3: घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे

नजरेबद्दलच्या लेखात नाकाचे नियम का, असं वाटेल. ऑपरेशनची वाट बंद करायला नाकाच्या मागे केलेल्या दुरुस्तीवर ताण आला तर मेंदूभोवतीचं पाणी गळू लागतं, त्यातून मेंदूज्वर होऊ शकतो, आणि मग नजरेचं बाजूलाच राहतं.

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्या. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंडं यांपैकी काही उचलायचं नाही. वाकून पाया पडणं बंद, हात जोडले तरी वडीलधारे समजून घेतात. कपालभाती, अनुलोम-विलोम, जलनेती, सूर्यनमस्कार सगळं थांबवा; तपकीर, मशेरी, सिगारेटही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. संडासला जोर करणं वजन उचलण्याइतकंच वाईट, म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू ठेवा आणि जमल्यास कमोड वापरा. नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे कधी सुरू करायचा ते सर्जन सांगतील. वास येत नाही, नाक चोंदलंय, खपल्या पडतात हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं.

पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ थेंब-थेंब आलं, घशात खारट चव उतरली, तर लगेच रुग्णालय गाठा.

आता पाण्याचं. आपल्याकडे आजाऱ्याला "भरपूर पाणी पी, शहाळं घे" हा आग्रह ठरलेला. इथे तो धोक्याचा ठरू शकतो. ऑपरेशननंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि जास्तीचं पाणी ते आणखी खाली नेतं. डोकं जड, मळमळ, सुस्ती, असंबद्ध बोलणं ही लक्षणं. काही ठिकाणी म्हणूनच पहिल्या आठवड्यात दिवसाला 1 ते 1.5 लिटरचीच परवानगी देतात. पण ज्यांना जास्त लघवीचा त्रास आहे त्यांचं गणित उलटं असतं, त्यांना तहानेनुसार पाणी द्यावंच लागतं. तेव्हा शेजाऱ्यांचं ऐकू नका, डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय ते पाळा, आणि सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी सांगितली असेल तर ती चुकवू नका.

हायड्रोकॉर्टिसोनची (कॉर्टिसॉलची उणीव भरणाऱ्या स्टेरॉइडची) गोळी दिली असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही. ताप आला तर डोस वाढवायचा असतो, उलट्या झाल्या तर इंजेक्शन लागतं. ते कसं, हे घरी जाण्याआधी लिहून घ्या. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: पिट्युटरीचं ऑपरेशन झालं आहे, स्टेरॉइड चालू आहे.

आणि डोळे? टीव्ही पाहा, वर्तमानपत्र वाचा, मोबाइलही बघा. वापरल्याने नस बिघडत नाही. डोळे मिटून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा काही फायदा नाही.

पायरी 4: नजर कोणत्या टप्प्यांनी परतते

पहिला टप्पा तासांचा आणि दिवसांचा. दाबलेल्या तंतूंतून संदेश जाणं थांबलेलं असतं पण तंतू जिवंत असतात. दाब निघाला की संदेश पुन्हा धावू लागतो. उजळ दिसणं, रंग परत येणं ते हेच.

दुसरा टप्पा आठवड्यांचा, साधारण चार महिन्यांपर्यंतचा. दीर्घ दाबाने तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असतं, ते हळूहळू पुन्हा तयार होतं. या काळात पेशंटला रोज काही वेगळं जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी सून म्हणते, "आई, हल्ली तुम्ही दाराला धडकत नाही."

तिसरा टप्पा सहा महिन्यांच्या पुढचा, काहींत दोन-तीन वर्षांपर्यंत चालणारा. सुधारणा थोडी असते, सगळ्यांत नसते, पण असते.

आकडे विचाराल तर, दुर्बिणीच्या ऑपरेशनांचे एकत्र केलेले निष्कर्ष पाहता साधारण पाचांतल्या चौघांचं फील्ड सुधारतं आणि पाचांतल्या दोघांचं पूर्ववत होतं. अक्षरांच्या तक्त्यावरची नजर सुमारे दोन तृतीयांश लोकांत वाढते. म्हणजे "सुधारेल" हे बहुतेकांना खरं लागू पडतं, "पहिल्यासारखं होईल" हे निम्म्यांहून कमी लोकांना. ही दोन वाक्यं डॉक्टरांच्या तोंडून वेगवेगळी ऐकून घ्या. दाब किती काळ होता, आधी नजर किती गेली होती, वय आणि ओसीटीतली जाडी यांवर निकाल बराच ठरतो.

काहींना आधीपासून किंवा ऑपरेशननंतर दुहेरी दिसतं, कारण डोळे हलवणाऱ्या नसा गाठीच्या दोन्ही बाजूंनी जातात. एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर कारण बहुधा हेच. ते बरेचदा आठवड्या-महिन्यांत ओसरतं. तोवर चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक टेप लावून काम भागतं.

पायरी 5: घरची तपासणी, आणि काय करायचं नाही

आठवड्यातून एकदा पुरे. रोज केलीत तर फक्त काळजी वाढेल. भिंतीवरचं कॅलेंडर रोजच्याच अंतरावरून, एक डोळा झाकून, मधल्या तारखेवर नजर रोखून पाहा: कोणत्या बाजूच्या तारखा पुसट आहेत? मग बाटलीचं लाल झाकण नाकासमोरून आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला न्या. बाहेरच्या बाजूला ते विटकरी किंवा करडं दिसतं का? तारीख घालून दोन ओळी वहीत लिहा. आधीच्यापेक्षा स्पष्टपणे कमी दिसतंय असं आढळलं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका.

नवा चष्मा लगेच करू नका. निदान तीन महिने जुन्यावर काढा, नाहीतर बदलत्या नजरेमागे पैसे जातात.

आता एक गोष्ट कळवळ्याने सांगते. नस मोकळी झाल्यावर तिला बरं करणारे कोणतेही थेंब नाहीत, त्राटकाने आणि डोळ्यांच्या व्यायामाने फील्ड परत येत नाही, महागडी "नसांची टॉनिकं" नजर आणत नाहीत. रक्तात बी-12 कमी असेल, जे शाकाहारी घरांत सर्रास आढळतं, तर ते भरून काढा, कारण त्याची कमतरता स्वतःच डोळ्याच्या नसेला इजा करते. बाकीचे पैसे पुढच्या एमआरआयसाठी राखून ठेवा.

पायरी 6: तीन महिन्यांची भेट

साधारण तीन महिन्यांनी एमआरआय होतो. त्याआधीचा एमआरआय सूज आणि ऑपरेशनच्या जागी भरलेल्या पदार्थांमुळे वाचायला अवघड जातो. फील्ड टेस्ट बऱ्याच ठिकाणी सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान करतात. शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच पद्धतीने करा. 24-2 आणि 30-2 अशी टेस्टच्या पद्धतींची नावं रिपोर्टच्या वर छापलेली असतात, ती जुळवून पाहा. ऑपरेशनआधीचा मूळ रिपोर्ट सोबत न्या. मोबाइलमधल्या वाकड्या फोटोवरून तुलना नीट होत नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, एका वर्षाने, आणि पुढे बहुधा वर्षाला एकदा. गाठीचा अंश राहिला असेल तर ती वर्षांनी पुन्हा वाढू शकते, म्हणून "आता छान दिसतंय" म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका.

पायरी 7: जे परत आलं नाही त्याच्यासोबत

दोन्ही बाहेरच्या बाजू गेल्या असतील तर काही विचित्र अडचणी येतात आणि पेशंटला वाटतं आपण वेडे तर होत नाही ना. जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे रोखले की तिच्या मागचं सगळं नाहीसं होतं. सुई दिसते, सुईमागचा हात दिसत नाही. नखं कापणं, सुईत दोरा ओवणं, चहा कपात ओतणं अवघड जातं. दोन डोळ्यांच्या चित्रांत सामाईक भाग उरत नसल्याने ती एकमेकांपासून घसरतात: बँकेच्या खाते क्रमांकातला आकडा गायब होतो किंवा दोनदा दिसतो, ओळ वर-खाली होते. हे सगळं नसांमुळे आहे. आकड्यांचं काम एक डोळा झाकून करा, वाचताना ओळीखाली पट्टी धरा, सुईत दोरा ओवणारं छोटं यंत्र आणा, कप ट्रेमध्ये ठेवून ओता. त्रास जास्त असेल तर प्रिझमच्या चष्म्याबद्दल विचारा.

घरात येण्याजाण्याच्या वाटेवरची स्टुलं आणि चपला हलवा. रस्ता ओलांडताना नुसते डोळे नाही, पूर्ण मान दोन्हीकडे वळवायची. बरोबरच्या माणसाने बाजूला नव्हे, अर्धं पाऊल पुढे चालावं, म्हणजे तो दिसत राहतो.

फील्ड पुरेसं आहे असं डोळ्यांचे डॉक्टर लेखी देईपर्यंत दुचाकी किंवा गाडी चालवू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना असा फील्डदोष डीव्हीएलएला (तिथल्या वाहन परवाना खात्याला) कळवणं बंधनकारक आहे. तिथे साध्या गाडीसाठी आडवं फील्ड किमान 120 अंश लागतं.

वर्षभराने नजर स्थिरावल्यावरही चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह 6/18 किंवा त्याहून कमी असेल, किंवा फील्ड 40 अंशांच्या आत आलं असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीच्या व्याख्येत बसता का, हे जिल्हा रुग्णालयात तपासून घ्या. युडीआयडी कार्डाचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. सोबत ताजा फील्ड रिपोर्ट, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा अहवाल, तिन्हींच्या प्रती ठेवा.